रेझ्युमेत काय लिहायचं आणि काय गाळायचं

तालुक्याच्या गावी बस स्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘बायोडाटा करून द्या’ म्हटलं, की दुकानदार विचारतो, ‘लग्नाचा की नोकरीचा?’ दोन्हींचे साचे त्याच्या संगणकात तयार असतात आणि दोन्हींतला बराच मजकूर सारखाच असतो. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, शिक्षण, छंद, शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सही. नोकरी देणाऱ्याला जे हवं असतं ते या साच्यात कुठेच विचारलेलं नसतं. हा माणूस नेमकं कोणतं काम करू शकतो, आणि ते त्याने आधी कुठे केलं आहे?

खानदेशातल्या मुलामुलींकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा असतं. रावेर-यावलकडच्या मुलाने केळीच्या पॅकहाउसमध्ये दोन हंगाम काढलेले असतात. अमळनेरच्या मुलीने काकांच्या कृषी केंद्राचा हिशेब टॅलीत सांभाळलेला असतो. चोपड्याचा आयटीआय झालेला मुलगा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हाताखाली बसलेला असतो. रेझ्युमेत मात्र तिघंही ‘अनुभव: नाही’ असं लिहितात, कारण घरचं किंवा बिनपगारी काम म्हणजे काम नव्हे, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. रेझ्युमे, सीव्ही, बायोडाटा हे तिन्ही शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात. खासगी कंपनीच्या जाहिरातीत यांपैकी कोणताही असला, तरी तिला एक पान, फार तर दोन पानं हवी असतात. प्राध्यापकाच्या किंवा संशोधनाच्या जागेसाठी सीव्ही मागितला तर गोष्ट वेगळी. तिथे शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय असं सगळं सविस्तर द्यावं लागतं. सरकारी भरतीत रेझ्युमे बहुधा लागतच नाही. भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस व्हायचं असेल तर ऑनलाइन अर्ज भरायचा असतो आणि दहावी व आयटीआयच्या गुणांवरून यादी लागते. त्यामुळे पुढचं सगळं खासगी नोकरीपुरतं आहे, मग ती जळगावच्या एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यातली असो, डाळ मिलमधली, पतसंस्थेतली, फायनान्स कंपनीतली, की नाशिक, चाकण आणि सुरतमधली.

जाहिरात हातात पेन घेऊन वाचा

रेझ्युमे लिहायला बसण्याआधी जाहिरात दोनदा वाचायची आणि तिच्यातले कामाचे शब्द अधोरेखित करायचे. मशिनचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, शिफ्ट, वाहन परवाना, भाषा, कामाचं गाव. साधारण पाच ते आठ शब्द निघतात. यातलं जे जे तुमच्याकडे खरोखर आहे, ते तुमच्या पानावर त्याच शब्दांत दिसलं पाहिजे.

‘त्याच शब्दांत’ यावर भर देण्याचं कारण आहे. नोकरीच्या संकेतस्थळांवर कंपनीची माणसं हजारो रेझ्युमे एकेक उघडून वाचत नाहीत. ती शोधाच्या चौकटीत शब्द टाकतात: ‘टॅली प्राइम’, ‘सीएनसी टर्निंग’, ‘जळगाव’. तुम्ही ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअरचे ज्ञान’ असं मोघम लिहिलं असेल, तर टॅली उत्तम येत असूनही त्या यादीत तुमचं नाव येणार नाही. जे येत नाही ते मात्र लिहू नका. एक शब्द कमी असला तर फार तर बोलावणं येणार नाही, पण खोटा शब्द मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या शब्दांवरही विश्वास बसत नाही.

यासाठी एक मोठी प्रत तयार ठेवावी. तिच्यात आजवर केलेलं सगळं काम, सगळी प्रशिक्षणं आणि तारखा असतात. ती तीन पानांची झाली तरी चालते, कारण ती कोणाला पाठवायचीच नसते. जाहिरात आली की त्या प्रतीतून लागतील त्या ओळी उचलून एक पान करायचं. एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी दहा वेळा कापून-जोडून पाठवलेला जास्त कामाला येतो.

पानाचा वरचा तिसरा भाग

वाचणारा बहुतेक वेळा मोबाइलवर वाचत असतो. पडद्यावर पानाचा वरचा तिसरा भाग दिसतो आणि पुढे वाचायचं की नाही ते तिथेच ठरतं. म्हणून ‘रेझ्युमे’ किंवा ‘बायोडाटा’ असं मोठ्या अक्षरांत मथळा देण्यात जागा घालवू नका. नाव १६ ते १८ आकाराच्या ठळक अक्षरांत, त्याखाली एका ओळीत मोबाइल, ईमेल आणि गाव. पूर्ण पत्ता नको, ‘फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव’ एवढं पुरे. नोकरी बाहेरगावी असेल तर त्याच ओळीत ‘पुण्यात राहण्याची तयारी’ असं लिहा. चाकणच्या कंपनीला गावाचं नाव दिसलं की पहिली शंका येते, हा मुलगा इथे येऊन टिकेल का? ती शंका तिथल्या तिथे मिटते.

त्यानंतर ‘उद्दिष्ट’ नावाचा जो परिच्छेद असतो, तो काढून टाका. ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून माझ्या कौशल्यांचा उपयोग संस्थेच्या प्रगतीसाठी करणे’ हे वाक्य झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रत्येक साच्यात आहे आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीही कळत नाही. त्या जागी स्वतःची ओळख दोन-तीन ओळींत द्या:

‘आयटीआय इलेक्ट्रिशियन (२ वर्षे, २०२२). मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर जोडणीचं २१ महिन्यांचं प्रत्यक्ष काम. तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी. दुचाकीचा परवाना आहे.’

जाहिरात कारखान्याच्या देखभाल विभागाची असेल, तर एवढ्यावर वाचणारा खाली सरकतो.

पुढचा क्रम माणसागणिक बदलतो. काम केलेलं असेल तर आधी काम, मग शिक्षण. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर आधी शिक्षण, पण त्याला लागूनच प्रात्यक्षिक, प्रकल्प, अप्रेंटिसशिप. कामात आणि शिक्षणात, दोन्हीकडे सगळ्यात अलीकडचं वर येतं. दहावी-बारावीचं कोष्टक आखून अर्धं पान भरू नये. परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष, टक्के असं प्रत्येकी एका ओळीत बसतं. विद्यापीठाचं नाव गुणपत्रिकेवर जसं आहे तसं लिहा. जळगावच्या विद्यापीठाचं नाव २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं झालं; त्याआधी पदवी घेतलेल्यांच्या कागदांवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि पडताळणीत कागदावरचंच नाव पाहतात.

कामाची ओळ कशी लिहायची

रेझ्युमेचा जीव याच भागात असतो, म्हणून इथे थोडं थांबू. चोपड्याच्या त्या मुलाने लिहिलं होतं असं समजा:

‘इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले. मोटार व वायरिंगचे ज्ञान.’

यात चूक काही नाही, पण ही ओळ ट्रेडमधला कोणीही लिहू शकतो. आता हेच काम असं लिहून पाहा:

‘मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मदतनीस, चोपडा. जुलै २०२२ ते मार्च २०२४.
३ ते १५ एचपीच्या पाणबुडी मोटारी उघडून जळालेलं वाइंडिंग काढणं, तारेचा गेज मोजून नवं भरणं. हंगामात आठवड्याला सुमारे ६ मोटारी.
डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी. मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर पाहून ओव्हरलोड रिले लावणं.
मोटार परत देण्याआधी मेगरने इन्सुलेशन तपासणं.’

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आहेत: काय केलं, कशावर किंवा कशाने केलं, किती केलं. कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या माणसाला यातले सगळे शब्द कळतीलच असं नाही. पण तो कागद पुढे देखभाल विभागाच्या इंजिनिअरकडे जातो, आणि ओव्हरलोड रिलेची (मोटारीवर जादा भार आला की वीज तोडणाऱ्या उपकरणाची) ओळ वाचून त्याला लगेच कळतं की या मुलाने पॅनल उघडून पाहिलेला आहे. मुलाखतीत तो याच ओळीवर बोट ठेवेल. स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या लाइनीत बसवला असेल तर तो किती अँपिअरवर लावायचा? पाटीवरच्या अँपिअरच्या ०.५८ पट. हे सांगता येत असेल तर ओळ ठेवा, नसेल तर आधी शिकून घ्या. रेझ्युमेतली प्रत्येक ओळ म्हणजे मुलाखतीतला एक प्रश्न असतो, आणि तो तुम्हीच समोरच्याच्या हातात देत असता. तारतंत्री (वायरमन) परवाना असेल तर तो स्वतंत्र ओळीत वर घ्या; बरेच जण तो पानाच्या तळाशी छंदांजवळ लिहितात.

केळीच्या पॅकहाउसचं उदाहरण घेऊ. मुलाला अन्नप्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता तपासनिसाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे आणि त्याला वाटतं की केळी भरण्याचा इथे काय संबंध. संबंध असा आहे: ‘घडावरून फण्या उतरवणं, तुरटीच्या पाण्यात धुऊन चीक काढणं, डाग आणि ओरखडे पाहून प्रत लावणं, १३ किलोचे खोके भरून प्रत्येकाचं वजन तपासणं; ८ जणांच्या टोळीत दिवसाला सुमारे ४०० खोके.’ प्रतवारी, स्वच्छता आणि वजनाची अचूकता या तिन्ही गोष्टी त्या जाहिरातीत असणारच. तोच मुलगा गोदामाच्या नोकरीसाठी अर्ज करत असेल, तर हीच नोंद वेगळी लिहावी लागेल: खोक्यांची मोजदाद, ट्रकमध्ये लावण्याचा क्रम, चलनाशी ताळा.

ठिबकच्या कंपनीत क्षेत्र सहायक व्हायचं असेल, तर घरच्या शेतातलं काम हाच अनुभव असतो. ‘शेतीची आवड’ असं लिहून काही साधत नाही. ‘घरच्या ४ एकर केळीत ठिबकची देखभाल, ३ हंगाम: सँड फिल्टरचं बॅकवॉश, लॅटरल फ्लश करणं, व्हेंचुरीतून विद्राव्य खत सोडणं, तुंबलेले ड्रिपर ओळखून बदलणं’ असं लिहा. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून त्याची अडचण समजून घेणारा मुलगा कंपनीला हवा असतो, आणि तो या ओळीत दिसतो.

आकडे कुठून आणायचे? वही, बिलबुक, हजेरी यांतून. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लावा. फुगवून लिहू नका, कारण ‘हे कसं मोजलंत?’ हा प्रश्न हमखास येतो.

घरच्या धंद्यातलं काम लिहिताना त्याचं स्वरूप उघड सांगा. दुकानाचं नाव, गाव, काळ, आणि पुढे ‘कुटुंबाचा व्यवसाय’. हे ‘प्रत्यक्ष काम’ या मथळ्याखाली घ्या, आणि अर्जात ‘एकूण अनुभव’ विचारला असेल तर पगारी नोकरीचे महिने वेगळे सांगा. दोन्ही एकत्र करून ‘४ वर्षे अनुभव’ लिहिलं, की पगारपत्रकं मागितल्यावर अडचण होते.

कौशल्याच्या यादीलाही हाच नियम. ‘एमएस ऑफिस’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. ‘एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, व्हीलुकअप’ यातून कळतं. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असेल तर शिक्षणात लिहा, पण आजकाल ते जवळपास प्रत्येकाकडे असल्याने त्याने वेगळेपण येत नाही. टायपिंगचा वेग भाषेसह लिहा: मराठी ३०, इंग्रजी ४०. हिशेबाच्या कामासाठी टॅलीच्या पुढे काय काय केलंय ते सांगा: खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेशी ताळमेळ, जीएसटीआर-१ साठी माहिती काढणं, ई-वे बिल. कौशल्यापुढे पाचपैकी चार चांदण्या रंगवण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्या. चार चांदण्या म्हणजे किती येतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

अहिराणी लिहा

भाषांच्या ओळीत सगळे जण ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ लिहून थांबतात. घरी अहिराणी बोलणारा मुलगा ती लिहीत नाही, तावडी किंवा लेवा बोली बोलणारी मुलगी ती लिहीत नाही, धडगावचा मुलगा पावरी लिहीत नाही. हे संकोचातून होतं आणि त्यात स्वतःचंच नुकसान आहे. फायनान्स कंपनीच्या वसुली आणि कर्जवाटपाच्या कामात, बियाणं-खतांच्या विक्रीत, आरोग्याच्या किंवा सामाजिक संस्थेच्या प्रकल्पात साक्री, शहादा, अक्कलकुवा भागात लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं हेच मोठं कौशल्य आहे. पुण्याहून पाठवलेल्या माणसाला ते महिनोन्‌महिने जमत नाही. म्हणून लिहा: ‘अहिराणी, भिल्ली: बोलता येते. गुजराती: बोलता आणि वाचता येते. मराठी, हिंदी: बोलता, वाचता, लिहिता येते.’ नवापूर-नंदुरबारच्या मुलांनी सुरतच्या नोकरीसाठी अर्ज करताना गुजराती वाचता येते की नुसती बोलता येते, हे स्पष्ट करावं. चलन आणि नोंदवही तिथे गुजरातीत असू शकते.

रेझ्युमे कोणत्या भाषेत लिहायचा, हे जाहिरातीवर ठरतं. जाहिरात इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. पतसंस्था, शाळा, स्थानिक पेढी यांनी मराठीत अर्ज मागवला असेल तर मराठीत. इंग्रजीतली वाक्यं छोटी ठेवा, ‘मी’ने सुरुवात करू नका, प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा, संपलेल्या कामासाठी भूतकाळ, चालू कामासाठी वर्तमानकाळ. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीवर पूर्ण विसंबू नका. ‘मॅनेजर’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा ‘ए’ गळला, की जो शब्द उरतो त्याचा अर्थ गुरांची गव्हाण असा होतो. तो शब्द कोशात असल्यामुळे संगणक चूक दाखवत नाही. पान छापून दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.

मधली रिकामी वर्षं

पदवीनंतर दोन-तीन वर्षं एमपीएससी, पोलिस भरती किंवा रेल्वेच्या तयारीत घालवलेली मुलं आपल्या जिल्ह्यांत घरोघरी आहेत. ती वर्षं लपवण्यासाठी तारखा खोडल्या जातात किंवा कुठल्या तरी ओळखीच्या दुकानाचं खोटं अनुभवपत्र आणलं जातं. दोन्ही करू नका. ‘२०२१ ते २०२३: स्पर्धा परीक्षेची तयारी’ अशी एक सरळ ओळ पुरते. त्या काळात एखादा टप्पा पार केला असेल, शिकवण्या घेतल्या असतील, घरचा व्यवसाय पाहिला असेल तर तेही त्याच ओळीत घ्या. मुलाखतीत एकच प्रश्न येईल: ‘आता तयारी सोडली आहे ना, की सहा महिन्यांनी परत जाणार?’ त्याचं खरं उत्तर आधी स्वतःशी ठरवून ठेवा.

खोटं अनुभवपत्र आता पकडलं जातं, त्याचं कारण पीएफ आहे. ज्या नोकरीत पीएफ कापला जातो, तिच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख तुमच्या १२ अंकी यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, जोडलेल्या सेवा-नोंदीत दिसते. नवी कंपनी ती नोंद मागू शकते. पत्रात एक वर्ष आणि नोंदीत काहीच नाही, अशी वेळ आली तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते.

लग्नानंतर किंवा मुलं लहान असताना काम थांबवलेल्या बायकांनीही हाच मार्ग घ्यावा: एक ओळ, कारण थोडक्यात, आणि त्यानंतर जे नवं शिकलं असेल ते. नावाचा प्रश्न त्यांच्यापुढे जास्त असतो. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. रेझ्युमेवर आधार आणि बँक खात्यावरचं नाव घ्या आणि शिक्षणाच्या मथळ्यापाशी ‘प्रमाणपत्रांवरील नाव’ म्हणून जुनं नाव लिहा. नाव बदलाचं राजपत्र असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. मुलांनीही नावाचा क्रम पाहावा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असतं, आणि ऑनलाइन अर्जाच्या पहिल्या चौकटीत चुकून आडनाव गेलं, तर पुढे पीएफ आणि आधारची नावं जुळेनात म्हणून पैसे अडकतात.

जे गाळायचं ते

धर्म, जात, उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, शेवटची प्रतिज्ञा. आधार आणि पॅनचा क्रमांक तर कधीही नाही. ते निवड झाल्यावर कंपनीच्या हातात द्यायचे असतात. रेझ्युमे कुठून कुठे फिरतो यावर तुमचा ताबा नसतो, आणि या क्रमांकांचा गैरवापर होऊ शकतो. याच कारणासाठी ‘जळगाव जॉब्स’ छापाच्या उघड्या व्हॉट्सअॅप गटांत आपला रेझ्युमे टाकू नये, मुलींनी तर मुळीच नाही. नोंदणीसाठी, गणवेशासाठी किंवा प्रशिक्षणासाठी आधी पैसे मागणाऱ्याला रेझ्युमे देऊच नये. जन्मतारीख जाहिरातीत वयाची अट असेल तरच लिहा. फोटो मागितला असेल तरच लावा. सध्याचा पगार विचारला असेल तर तो पाठवणीच्या ईमेलमध्ये लिहा, रेझ्युमेवर नको. छंद कामाशी जोडलेले नसतील तर काढा.

फाइल

चांगला लिहिलेला रेझ्युमे फाइलमुळे वाया जातो, आणि ते पाठवणाऱ्याला कळतही नाही. आपल्याकडे अजून बऱ्याच दुकानांत मराठी टायपिंग कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत होतं. ती वर्डची फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. पीडीएफ केली तर डोळ्यांना नीट दिसते, पण आतला मजकूर तोच गुंता राहतो आणि शोधात सापडत नाही. म्हणून दुकानदाराला आधीच सांगा: मंगल किंवा नोटो देवनागरी, म्हणजे युनिकोड फॉन्ट वापरा.

इंग्रजी रेझ्युमेत दुसरा धोका असतो. मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळं रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. दोन रकाने, मजकुराच्या चौकटी, कोष्टकं, चित्रं यांत ते सॉफ्टवेअर गोंधळतं. पानाच्या वरच्या समासपट्टीत, म्हणजे हेडरमध्ये, लिहिलेला मोबाइल नंबर कधी कधी वाचलाच जात नाही. कागदाचा मोबाइलने फोटो काढून त्याची पीडीएफ केली, तर सॉफ्टवेअरसाठी ते बहुधा कोरं पानच असतं.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी योग्य क्रमाने, नाव-नंबरासह दिसल्या तर सॉफ्टवेअरलाही तशाच दिसतील. ओळी एकमेकींत मिसळल्या असतील तर साचा बदला. ए-४ पान, चारही बाजूंनी २ सेंटीमीटर समास, ११ आकाराची साधी अक्षरं, एकच रकाना, मथळे ठळक. एवढ्यात भागतं.

दुकानात केलेला रेझ्युमे छापण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. साच्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या वडिलांचं नाव, त्याचं गाव, कधी त्याचा मोबाइल नंबरही तसाच राहून जातो. वर्ड आणि पीडीएफ या दोन्ही फाइली तिथूनच स्वतःच्या ईमेलवर घ्या, नाहीतर पुढच्या जाहिरातीला तारीख बदलायची म्हणून पुन्हा पैसे द्यावे लागतात. ईमेलचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि पत्ता नाव-आडनावाचा असावा. फाइलचं नाव ‘रेझ्युमे न्यू फायनल २’ असं नको. नाव, आडनाव, पद इतकं असावं. शंभर फाइलींच्या ढिगात तीच सापडते.

पाठवताना

रिकाम्या ईमेलला फाइल चिकटवून पाठवू नका. विषयाच्या ओळीत पद आणि गाव लिहा. मजकूर चार ओळींचा पुरे:

‘नमस्कार. आपल्या जळगाव कारखान्यातील देखभाल इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी अर्ज करत आहे. स्टार-डेल्टा पॅनल आणि मोटार दुरुस्तीचं २१ महिन्यांचं काम केलं आहे. १० दिवसांत रुजू होऊ शकतो. रेझ्युमे सोबत जोडला आहे.’

व्हॉट्सअॅपवर पाठवतानाही हीच वाक्यं, कामाच्या वेळेत. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा विचारा, रोज नको. कोणत्या कंपनीला कोणती प्रत कोणत्या तारखेला पाठवली, हे वहीत टिपून ठेवा. फोन आल्यावर आपण काय लिहिलं होतं ते समोर असायला हवं.

रोजगार मेळाव्याला जाताना १० ते १२ छापील प्रती घ्या आणि वर उजव्या कोपऱ्यात थोडी जागा कोरी ठेवा. टेबलापलीकडचा माणूस तिथेच पेनने ट्रेड किंवा शेरा लिहितो, आणि नंतर गठ्ठा लावताना तोच कोपरा पाहतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज येत-जात असते, म्हणून दुसरा नंबर देणं बरं. तो कोणाचा आहे ते पुढे लिहा: भाऊ, वडील, शेजारी. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा, की पुण्याहून ०२० ने सुरू होणारा किंवा अनोळखी फोन आला तर कापायचा नाही. बोलणाऱ्याचं नाव, कंपनी, मुलाखतीची तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्यायची.